लक्ष्मीचा नवरा, अक्षरं तीन

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आमच्या आणि श्रीपतीच्या खोलीमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडे फोडणीत मोहरी जास्त पडली तर इकडे मला ठसका लागायचा. त्यामुळे श्रीपती आणि त्याची बायको लीलाबाई यांच्यात अबोला धरला गेला, तेव्हा सगळ्यांच्या आधी कळलं ते मला, आणि सगळ्यांत जास्त ताप झाला तोही मलाच. भांडणारं जोडपं शेजारी असलं तर करमणूक तरी होते. न बोलणाऱ्यांचं काय करायचं?

भांडण झालं शब्दकोड्यावरून. हसू नका. त्या वर्षांत कोड्यांची साथच आली होती. मुंबईहून एक साप्ताहिक यायचं, त्यात शेवटच्या पानावर कोडं असायचं, आणि आमच्या चाळीत ते पान आधी वाचलं जायचं. श्रीपती रेल्वेत सांधेवाला. काम रूळ बदलण्याचं, पण सातवीची फायनल पास झालेला, त्यामुळे जगाचा भूगोल आपल्या खिशात आहे असा त्याचा समज होता. पुणे जिल्ह्याचा एक जुना नकाशा त्यानं कुठून तरी मिळवून देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता. कोडं आलं की दारात पाट टाकून मोठ्यानं वाचायचा. देवाधर्माचं आलं की लीलाबाई चुलीपुढून उत्तर द्यायची, नदी-डोंगर आले की तो नकाशाकडे बघायचा. बरं चाललं होतं दोघांचं.

आणि एका आठवड्याला कोड्यात आलं: 'इंद्रायणी नदीचा उगम. अक्षरं चार.'

"कुरवंडे," लीलाबाई म्हणाली. कुरवंडे तिचं माहेर, इथून हाकेच्या अंतरावर.

"कुरवंडं कुनाला ठावं? लोनावळा लिवतो."

"आवो, नदी आमच्या गावात निगती. त्या पान्यात मी घागर बुडवलीया."

"मुंबईच्या संपादकाला काय त्येचं? त्यो लोनावळाच म्हननार."

"नदी काय संपादकाच्या मोरीत उगवती व्हय?"

इथवर मी भिंतीपलीकडे पोट धरून हसत होते. पण श्रीपती उठला, नकाशावर बोट आपटलं आणि म्हणाला, "दाव हितं. कुटं हाय कुरवंडं? तुजं म्हायेर नकाशात बी न्हाई!"

बाईला काय वाटेल ते बोला, ती ऐकून घेईल. माहेर काढू नका. लीलाबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि गप्प झाली. पुढच्या अंकात उत्तर छापून आलं ते लोणावळाच. श्रीपतीची बाकीची निम्मी उत्तरं चुकली होती, पण तेवढं एक बरोबर आलेलं त्यानं साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं वाचलं. मग तर तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. तिचा हट्ट असा की, त्यांनी शब्द मागे घ्यावा. त्याचा हट्ट, मी का घेऊ, छापून आलंय.

तेव्हापासून मी झाले यांचं तारयंत्र. "सावित्राबाई, दुरडीत भाकर हाय म्हनावं." "सावित्रावैनी, मीठ कमी पडलं म्हनावं." दोघं एकाच खोलीत, निरोप माझ्या खोलीतून. श्रीपतीला पहाटेच्या पाळीला जायचं असायचं आणि त्याची झोप म्हणजे कुंभकर्णाची. पूर्वी ती त्याला हाका मारून उठवायची. आता ती पितळी परात जमिनीवर आपटायची. तो उठायचा, आणि त्याच्याबरोबर मी आणि आमचे हेही उठायचे. आमचे हे म्हणजे कोण ते विचारू नका, नवऱ्याचं नाव मीही घेत नाही. पण लीलाबाईचं त्या बाबतीतलं सोवळं माझ्यापेक्षा कडक. भजनात कुठं 'श्रीपती' आला की ती ओठ मिटून तेवढ्यापुरता टाळ जोरात वाजवायची.

गणपती बसले, आणि लीलाबाईनं मला सांगितलं की गणपती गेले की तिचा भाऊ मारुती तिला न्यायला येणार. आणि ती परत येणार नाही.

"अगं, एवढ्याशावरनं?"

"एवढुसं म्हायेर हाय म्हनूनच." तिचे डोळे भरून आले. "नकाशात नसलं तरी दोन घास घालंल."

मला हसावं की रडावं कळेना. मग तीच हळूच म्हणाली, "एकच घोर हाय. मी गेल्यावर ह्यांना पाळीला उटवनार कोन? नोकरी जायाची."

त्याच सुमाराला चाळीच्या गणपतीपुढे जोडप्यांसाठी शब्दकोड्याची स्पर्धा जाहीर झाली. भरवणार भिमाजी गुरुजी. गुरुजी शाळेत शिकवायचे, एकटे राहायचे, आणि स्वतःला कोडी रचणारा समजायचे. बक्षीस होतं गजराचं घड्याळ, एका बंगल्याच्या मालकानं दिलेलं, डोक्यावर दोन घंटा असलेलं.

ते घड्याळ बघितलं मात्र, दोघांनीही माझ्याकडून नाव नोंदवून घेतलं. तो म्हणाला, "घड्याळ असलं म्हंजे कुनाची गरज न्हाई." ती म्हणाली, "घड्याळ मिळालं म्हंजे मी मोकळी झाले." मी कपाळाला हात लावला. जे घड्याळ जिंकायला दोघं एकत्र बसणार, तेच घड्याळ त्यांना वेगळं करणार होतं. मी गणपतीला नवस बोलले, देवा, यांना हरव. असला नवस त्याच्याकडे पहिल्यांदाच आला असणार.

स्पर्धेच्या दिवशी मांडवात माणसं दाटीवाटीनं बसली होती. नियम साधे होते. प्रत्येक जोडप्याला वेगळं कोडं. गुरुजी सूचना वाचणार, एक नवऱ्याला, पुढची बायकोला. उत्तर तोंडानं मोठ्यानं सांगायचं, मग ते फळ्यावर लिहिणार. एक जरी चुकलं तरी बाद. आणि एकमेकांशी बोलायचं नाही. कुजबुज नाही, खाणाखुणा नाहीत.

त्या शेवटच्या नियमानं सगळी चाळ आडवी झाली. चिक्कीवाला बजरंग अडखळला तर त्याच्या सरुबाईनं नुसतं सांगितलंच नाही, वर "एवढं बी येत न्हाई?" म्हणून चिमटा काढला. बाद. आमच्या ह्यांना सूर्याच्या सारथ्याचं नाव आठवेना, तर मी फक्त खोकले. बाद. एकेक जोडपं हसत, चरफडत खाली आलं. उरलं एकच, आणि त्यांना हा नियम कसला जाचणार? त्यांचा सरावच होता.

श्रीपती फळ्याच्या उजव्या बाजूला उभा, लीलाबाई डाव्या. मध्ये गुरुजी.

"झेलम नदीकाठचं शहर, चार अक्षरं."

"श्रीनगर," श्रीपती म्हणाला. गुरुजींनी उभं लिहिलं.

"हाती वीणा धरणारी देवी, चार अक्षरं."

"सरस्वती." लीलाबाईला हे विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं.

"मूकपटानंतर पडद्यावर आला तो. चार अक्षरं."

"बोलपट," श्रीपती म्हणाला, आणि मांडव खो-खो हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "मूकपट तर तुज्या घरात चाललाय, श्रीपा!" तो कानापर्यंत लाल झाला. ती पदराशी चाळा करत राहिली.

"आता आडवा," गुरुजी म्हणाले. "लक्ष्मीचा नवरा. अक्षरं तीन. लीलाबाई, तुमची पाळी."

मी फळ्याकडे बघितलं. सांगायचं उरलंच काय होतं? श्रीनगरचं पहिलं, बोलपटाचं तिसरं, सरस्वतीचं शेवटचं, अशी तिन्ही अक्षरं तिन्ही उभ्या शब्दांतून येऊन त्या ओळीत आयती बसली होती. श्री, प, ती. अख्खा मांडव ते वाचत होता. भिमाजी गुरुजींनी घरी एकट्यानं बसून कोडं रचलं होतं. घरात बाईमाणूस असतं तर तिनं वेळेवर कान धरला असता.

लीलाबाई खाली बघून उभी.

"सांगा की," गुरुजी म्हणाले.

"लिवलंयच की तितं."

"तोंडानं सांगायचं. नियम आहे."

"ज्या देवाच्या नावाचं मानूस आमच्या घरात जेवतं, त्यो देव."

"असं चालणार नाही, बाई. नाव सांगा." आणि मग गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, श्रीपतीकडे पाहिलं आणि खडू त्यांच्या हातातून पडला. "अरे देवा! खरंच सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नाही."

मांडवात जी हसाहस उठली ती विचारू नका. म्हातारे काठ्या आपटत होते. तेवढ्यात सरुबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज गाडीच्या शिट्टीला मागे टाकेल असा. "अगं, उखाना घे की! उखान्यात नाव घ्याया कुनाची बंदी हाय?"

खरंच की. उखाण्यात नाव घेतलं तर दोष नाही. लीलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. श्रीपतीकडे बघितलं नाही, पण आवाज खणखणीत लावला.

"इंद्रायनीचं पानी निगतं कुरवंड्याच्या माळावर,
श्रीपतीरावांचं नाव लिवा, गुरुजी, फळ्यावर,
अन् त्यांचा नकाशा ठिवा चुलीतल्या जाळावर!"

मांडव उसळला. टाळ्या, शिट्ट्या. मी श्रीपतीकडे बघत होते. तो हसत नव्हता. पाच-सहा आठवड्यांनी त्यानं तिच्या तोंडून स्वतःसाठी काही ऐकलं होतं, मग भले शिवी का असेना. घरात हरवलेली वस्तू अचानक सापडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आता शेवटची सूचना," गुरुजी घाम पुसत म्हणाले. फळ्याच्या कोपऱ्यात चार चौकोन सुटेच राहिले होते. त्यांना जोडायला गुरुजींना आडवा शब्द सुचला नव्हता. "हे आलं की घड्याळ तुमचं. श्रीपती, तुझी पाळी. ही सूचना मी साप्ताहिकातून घेतली आहे, म्हणजे उत्तर छापील आहे, वाद नको. इंद्रायणी नदीचा उगम. अक्षरं चार."

भांडण कशावरून ते चाळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. आणि छापील उत्तर काय तेही सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीपतीनंच तर वाचून दाखवलं होतं.

टेबलावर घड्याळ टिकटिकत होतं. मी मनात म्हटलं, झालं, गेलं हे घर. देवानं माझा नवस काही ऐकला नाही.

श्रीपतीनं घड्याळाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती फळ्याकडे पाठ करून उभी होती. तिला ते उत्तर पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"कुरवंडे," तो म्हणाला.

गुरुजींना वाटलं चुकून बोलला. "श्रीपती, नीट आठव. छापील उत्तर—"

"कुरवंडे. लिवा. माज्या सासुरवाडीचं गाव हाय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

गुरुजींनी हळहळत कागद बघितला. "नियम म्हणजे नियम. छापलंय लोणावळा. बाद." मांडवातून एकच हाय उठली.

आणि त्या हायेच्या वर लीलाबाईचा आवाज चढला. "आवो! आवो, तुमाला खूळ लागलं का काय? लोनावळा सांगायचं सोडून! येवढं दोन घंटांचं घड्याळ! हातात आलेलं घालवलं! आता रोज पहाटं तुमाला उटवनार कोन?"

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही.

"तू," श्रीपती म्हणाला. "दुसरं कोन हाय मला?"

ती रडायला लागली, आणि रडता रडता त्याला बोलत राहिली. मांडवातून बाहेर पडेपर्यंत बोलत होती, चिखलातून चाळीपर्यंत जाताना बोलत होती. तो मागून तिच्या डोक्यावर छत्री धरून चालला होता. घड्याळ गुरुजींकडेच राहिलं. त्यांनी ते शाळेत ठेवलं, तिथं ते रोज भलत्याच वेळी वाजायचं.

गणपती गेले आणि मारुती बहिणीला न्यायला आला. त्यानं पोटभर पुरणपोळी खाल्ली, शिदोरी घेतली आणि एकटाच कुरवंड्याला परत गेला. पहाटे परात आपटायची बंद झाली, तिच्या जागी "आवो, उटा की!" सुरू झालं. त्यानंही मला जाग यायची, पण मी पांघरूण ओढून खुशाल पडून राहायचे.

पुढे एकदा मी विरजणाला गेले तर लीलाबाई घरात एकटीच होती. नकाशा होता तिथंच होता, चुलीत गेला नव्हता. पण त्यावर लाल शाईचा एक टपोरा ठिपका आला होता, आणि शेजारी पुण्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुरवंडे.

मी जवळ जाऊन बघितलं. मावळातल्या वाटा मलाही ठाऊक आहेत. "अगं लीलाबाई," मी म्हटलं, "हा ठिपका तर पार पवनेच्या पलीकडं पडलाय. तुझं गाव इकडं, घाटाच्या तोंडाशी."

तिनं दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या भांड्यात चांगलं वाटीभर विरजण घातलं.

"मला पयल्याच दिशी दिसलं," ती म्हणाली. "सावित्राबाई, माजी शपथ हाय. ह्यांना सांगू नका."