वाकवलेले पाय

चौथा स्क्रू निघेना. साहेबांनी पंप वकीलबाईंच्या काचेच्या टेबलावर आडवा धरला, स्क्रूड्रायव्हरवर छातीचा भार दिला, आणि स्क्रू एकदाचा करकरत फिरला. काच वाचली. वकीलबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"आता दाखवा, यात तुमचा शोध कुठे आहे."

साहेबांनी झाकण बाजूला ठेवलं. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी गाडीत फिरवत राहायचं, एवढंच या विजेवरच्या पंपाचं काम. आत एक पातळ भिंत. तिच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वीज. दोघांची गाठ पडता कामा नये. विजेच्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर भिंतीला पाठ टेकून बसलेला. पाण्याला न शिवता पाणी किती तापलंय ते त्यानं सांगायचं. गाडी कितीही आदळली तरी भिंत सोडायची नाही. सोडली, तर त्याला पाण्याऐवजी हवेचा ताप कळतो, पंप निवांत राहतो आणि इंजिन शिजतं.

"हे त्याचे पाय," साहेब नखानं दाखवत म्हणाले. "सरळ नाहीत. असे वाकवलेत, की झाकण बसलं की तेच स्प्रिंगसारखे त्याला दाबून धरतात. वेगळी स्प्रिंग नाही, क्लिप नाही, चिकटवण नाही."

"फारच सोपं आहे," वकीलबाई जराशा नाराजीनं म्हणाल्या.

पेटंटात ते इतकं सोपं नव्हतं. तिथे सदर सेन्सरचे सदर पाय सदर भिंतीच्या दिशेनं नऊ पानं चालत गेले होते. एखाद्या वस्तूला 'सदर' म्हटलं की ती आपोआप आरोपी वाटायला लागते. शोध लावणारा म्हणून मात्र एकच नाव होतं, साहेबांचं. कारखान्यात त्यांना सगळे साहेब म्हणत. घरी कोणी म्हणत नसे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून ते बहुतेक घरीच असत.

आता कारखान्यानं एका लहानशा वर्कशॉपवर दावा लावला होता. हे वर्कशॉप जुन्या गाड्यांसाठी बदली पंप बनवायचं, आणि त्यातल्या सेन्सरचे पाय हुबेहूब तसेच वाकवलेले असायचे. दावा कारखान्यानं जिंकला तर वर्कशॉपनं पंप बनवणं बंद करायचं. दुसरं ते काही बनवतच नव्हतं. साहेबांना सुनावणीत शपथेवर एवढंच सांगायचं होतं, की कल्पना माझी.

वकीलबाई कारखान्याच्या. त्यांनी तालीम म्हणून विचारलं, कल्पना सुचली कशी. साहेबांनी गेली चौदा वर्षं सांगितलेली हकीकत पुन्हा सांगितली. एके सकाळी बायको आरशासमोर अंबाड्यात आकडा खोचत होती, आकड्याचे पाय दाबले गेले, आणि साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही हकीकत कारखान्याच्या मासिकात छापून आली होती. निरोपसमारंभात मुख्य व्यवस्थापकांनी ती रंगवून सांगितली तेव्हा बायको पहिल्याच रांगेत बसली होती, आणि तिचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले होते. लग्नाआधीपासून तसेच होते. सभागृहात तीनशे माणसं होती. कोणाला काही खटकलं नाही.

"छान आहे," वकीलबाई म्हणाल्या. "घरगुती आहे. सुनावणीला त्यांना आणता येईल?"

"तिला बरं नसतं," साहेब म्हणाले.

बायकोला बरं नसतं ही बातमी बायकोला संध्याकाळी कळली. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला आजारी पाडा, हरकत नाही. पण शपथ घेऊन माझ्या डोक्यावर अंबाडा चढवू नका."

साहेब गॅलरीत गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

खरी हकीकत फार छोटी होती. साहेबांच्या मूळ ड्रॉइंगमध्ये सेन्सर सरळ पायांवर उभा होता आणि चिकटवणीनं भिंतीला लावलेला होता. तापली की ही चिकटवण सोडते, हे त्यांना ड्रॉइंग खाली पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. ते गप्प राहिले. कारखान्यात चुकलेल्या ड्रॉइंगवर लाल चिठ्ठी लागे. साहेबांच्या नावावर त्या वर्षी दोन लागून झाल्या होत्या, आणि तिसरीला माणूस डिझाइनमधून उठून स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला जाई. पंप चाचणीला गेले. आठवडाभर साहेबांना घास गोड लागला नाही. मग निकाल आला. चाळीसच्या चाळीस पास.

साहेबांना धडकी भरली. त्यांनी एक पंप गुपचूप उघडून पाहिला, तर सेन्सरचे पाय वाकवलेले. जोडणीच्या लाइनवर सेन्सर बसवायचं काम एकच बाई करायची. सगळे तिला ताई म्हणत. ड्रॉइंग सोडून काम करणं हा तिथे लाल चिठ्ठीहून मोठा गुन्हा होता. त्याला थेट घरचा रस्ता. बाईला वाचवायचं तर ड्रॉइंगच बदललं पाहिजे, असं साहेबांनी स्वतःला समजावलं आणि बदललं. पुढे पेटंटवाले आले. त्यांनी विचारलं, ड्रॉइंग कोणाचं? प्रश्न तेवढाच होता आणि साहेबांचं उत्तर अक्षर न् अक्षर खरं होतं.

या गोष्टीवर साहेब आणि ताई यांच्यात कधी एक शब्द झाला नव्हता. ताई पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाली. घरी बसून कंटाळली आणि भाच्याच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा पंप जोडायला लागली. दावा ज्याच्यावर लागला होता, तो हाच भाचा.

दुसऱ्या दिवशी साहेब तिकडे गेले. विरुद्ध पक्षाला भेटायचं नाही असं वकीलबाईंनी दोनदा बजावलं होतं, म्हणून ते मागच्या दारानं गेले. लांबलचक बाकावर आठ-दहा बायका पंप जोडत होत्या. बाकाच्या टोकाला ताई होती. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. भाचा वकिलाकडे गेला होता. ती उठली, खुर्ची फडक्यानं पुसून दिली, चहा सांगितला, वहिनींची चौकशी केली, साहेब वाळले असं म्हणाली. साहेबांनी सगळ्याला मान डोलावली आणि मग म्हणाले की सुनावणीत तुमचीही साक्ष आहे असं ऐकलं. ताई हो म्हणाली. भाच्याचा वकील तिच्या मागे लागला होता, की पाय मी वाकवले एवढं एक वाक्य बोला, पेटंट कोसळेल आणि वर्कशॉप वाचेल.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय. मी त्याला सांगून टाकलं, साहेबांनी दाखवलं आणि मी केलं."

साहेबांच्या छातीवरचा दगड खाली उतरला. तो किती झटकन उतरला हे त्यांचं त्यांनाच दिसलं, आणि त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला.

"पण ताई, ते खरं नाही."

"खरं सांगायला गेले तर विचारतील, का वाकवले म्हणून. मग सांगावं लागेल की ड्रॉइंगच चुकलं होतं." तिनं आवाज खाली आणला, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये इतका. "चौदा वर्षं झाकून ठेवलंय मी. भाच्यालासुद्धा सांगितलं नाही. आता चारचौघांत तुमची अब्रू काढू?"

"आणि भाच्याचं काय?"

"तो हुशार आहे. दुसरं काहीतरी बनवेल."

हे बोलताना तिनं बाकावरच्या बायकांकडे पाहिलं नाही. मग पुढे म्हणाली, "तुम्ही आम्हाला स्टुलं दिली होती, साहेब."

साहेबांना आठवायला वेळ लागला. लाइनवर बायका आठ-आठ तास उभ्यानं काम करत. बसायला काहीतरी द्या, हा अर्ज वरून तीनदा परत आला होता. तेव्हा साहेबांनी पंप जोडायच्या साहित्याच्या ड्रॉइंगमध्ये एक स्टूलही रेखाटून टाकलं. त्याला पार्ट नंबर दिला, पायांची उंची मिलिमीटरमध्ये लिहिली. ड्रॉइंगमध्ये आहे म्हटल्यावर कारखान्यानं सव्वीस स्टुलं निमूटपणे बनवली. त्याचं पेटंट घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"मला वाटत होतं मी तुम्हाला वाचवलं," साहेब म्हणाले. "ड्रॉइंग बदललं ते त्यासाठी. तुम्हाला काढून टाकलं असतं."

ताईनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ही बातमी तिला नवी होती.

"मग फिट्टंफाट झाली की," ती म्हणाली, आणि स्टूल बाकाजवळ ओढून कामाला लागली.

सुनावणीची खोली लहान होती आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. वकीलबाईंनी साहेबांना त्यांचं नाव विचारलं, हुद्दा विचारला, नोकरीची वर्षं विचारली. साहेबांनी सगळं बरोबर सांगितलं. दुसऱ्या रांगेत ताई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. शेजारी भाचा फरशीकडे बघत होता. मावशी काय सांगणार हे त्याला ठाऊक होतं, आणि भांडूनही काही उपयोग झाला नव्हता हे त्याच्या वाढलेल्या दाढीवरून दिसत होतं.

"ही कल्पना तुम्हाला कशी सुचली, ते सांगाल का?" वकीलबाई प्रसन्नपणे म्हणाल्या.

आरसा, अंबाडा, आकडा, सगळं सवयीनं जिभेपर्यंत आलं. साहेबांनी ते गिळलं. गिळायला वेळ लागला, इतका की अधिकाऱ्यांनी रुमालातून वर पाहिलं.

"माझं ड्रॉइंग चुकलं होतं," साहेब म्हणाले. "तिथून सांगतो."

त्यांनी सांगितलं. लाल चिठ्ठ्या सांगितल्या, पाय ताईंनी वाकवले ते सांगितलं. चूक कळूनही आठवडाभर तोंड मिटून बसलो होतो तेही सांगितलं, जे कोणी विचारलंही नव्हतं. वकीलबाई दोनदा पाणी प्यायल्या. भाच्याच्या वकिलाचा चेहरा हरवलेलं सामान दारात परत आलेल्या माणसासारखा झाला, आणि त्यानं उत्साहाच्या भरात ताईला पुढे बोलावलं.

ताईनं शपथ घेतली. मग अत्यंत ठामपणे सांगितलं, की साहेबांचं वय झालंय, त्यांना नीट आठवत नाही. ड्रॉइंग पहिल्यापासून बरोबर होतं. पाय साहेबांनीच वाकवून दाखवले.

भाच्यानं डोळे मिटले. दोन्ही वकील एकदम उठले आणि दोघांनीही आपापल्याच साक्षीदारावर हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे म्हणतात त्यांचं. त्या म्हणतात यांचं. मग भांडण कशाचं आहे?"

अधिकारी शिंकले. पुराव्याच्या खोक्यात वर्कशॉपमधून जप्त करून आणलेले पंप होते; त्यातले काही अजून जोडायचे राहिले होते, सेन्सरचे पाय सरळ. अधिकाऱ्यांनी असे दोन टेबलावर ठेवायला लावले आणि साहेबांना म्हणाले, बसवून दाखवा.

साहेबांनी हे पाय कागदावर वरून, समोरून आणि बाजूनं काढले होते. वाकण किती अंशांची ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. हातानं मात्र त्यांनी ते कधी केलं नव्हतं. एक पाय वाकला. दुसऱ्याचा बारीकसा आवाज झाला.

"तुटला," साहेब म्हणाले, नोंद करून घ्या अशा सुरात.

"आता तुम्ही, बाई."

ताई पुढे आली. मलाही जमणार नाही, म्हणाली. डोळे गेलेत, सवय मोडलीय. आज सकाळीच ती वर्कशॉपच्या बाकावरून उठून आली होती, हे भाच्याला सांगावंसं वाटत होतं, पण त्याच्या वकिलानं त्याचा दंड दाबून धरला. ताईनं पंप उचलला तो उलटा, नवखी बाई धरेल तसा. बिघडवायचाच बेत होता, लपत नव्हता. तेवढ्यात तिची नजर साहेबांकडे गेली.

ती नजर रागाची होती. चौदा वर्षं जे झाकून ठेवलं, ते या माणसानं चार मिनिटांत, सर्दी झालेल्या परक्या माणसासमोर उघडं करून टाकलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. साहेबांनीही मान खाली घातली नाही. आणि तिकडे खाली, टेबलावर, अंगठ्याचं नख सेन्सरखाली सरकलं, दोन्ही पाय बोटाभोवती एकदम वळले, भिंतीला पाठ लागली, झाकण आलं, भोकं जुळली, तळहातानं एक दाब दिला. पाच सेकंद लागले असतील, फार तर सहा. ताईची नजर साहेबांवरून हललेली नव्हती.

मग तिचा उजवा हात बाजूला गेला, तळवा वर करून थांबला. लाइनवर पुढचा पंप त्याच बाजूनं येत असे.

साक्ष टाइप करणारी बाई थांबली. ताईनं खाली पाहिलं, जोडलेला पंप पाहिला, पसरलेला हात पाहिला. तो मागे घ्यावा की नाही हे तिला ठरवता येईना.

साहेबांनी आपला तुटक्या पायाचा पंप उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.