चिंतामणीची मान आणि उमाचा पाट

चिंतामणी म्हसकरांची मान एकदाची दुखायची थांबली, तेव्हा श्रेय घ्यायला तीन जण पुढं आले. दुखत होती तोवर मात्र ती त्यांची एकट्याची होती.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात ते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत. बसत म्हणजे, स्क्रीनमध्ये उंदीर शिरलाय आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवून आहोत, असे वाकून. संध्याकाळी बदलापूरला घरी पोचेपर्यंत मान अशी धरायची, की शेजाऱ्यानं हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा. मेडिकलवाल्याचा मानेचा पट्टा झाला, सासूबाईंचं तेल झालं, वांगणीच्या एका जाणकाराचा लेप झाला. लेपानं मान दुखायची ती दुखतच राहिली, वर वास मारायला लागली.

मग खंडेनवमी आली. ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा दरवर्षीचीच. स्क्रीनला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदकुंकू, आणि माऊसवर अक्षता, त्यातला एखादा दाणा पुढं मार्चपर्यंत बटणात अडकून राही. या वेळी चिंतामणींनी घरून पाट नेला. साधासुधा नव्हे. बायकोचा, उमाचा, लग्नात माहेरून आलेला शिसवी पाट, कोपऱ्यांत पितळी फुलं. "चहाचे डाग पडलेल्या टेबलावर काय पूजा करायची?" असं म्हणत त्यांनी स्क्रीन पाटावर बसवला. पूजा झाली की परत आणा, असं उमानं बजावलं होतं.

हार काढला गेला, पाट राहिला. कंटाळा, दुसरं काही नाही. आणि आठवडाभरात मान मोकळी! टेबलफॅनसारखी दोन्हीकडे फिरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, तेल मुरलं. जाणकार म्हणाला, आमचा लेप उशिरा लागू होतो. मेडिकलवाल्यानं पट्ट्याकडे बोट दाखवलं. चिंतामणींनी तिघांचेही दावे फेटाळले आणि सगळं श्रेय जिनं मागितलंच नव्हतं तिच्या नावावर जमा केलं. देवीच्या.

"चिंतूभाऊ, देवीनं हाडांचं खातं कधीपासून घेतलं?" शेजारच्या टेबलावरचा राजरत्न म्हणाला.

"हस तू. पूजा लाभली मला. आता पाट हलणार नाही."

"वहिनींचा आहे ना तो?"

"होता. आता देवस्थानाचा झाला."

हे ऑफिसात बोलायला सोपं होतं. घरी देवस्थान चालत नसे.

"अहो, पाट?" उमानं दिवाळीच्या आधी विचारलं. "भाऊबीजेला सुजित नव्या नवरीला घेऊन येतोय. भावाला काय प्लॅस्टिकच्या खुर्चीत ओवाळू?"

"अगं, माझी मान त्या पाटावर आहे."

"तुमची मान तुमच्या खांद्यावर आहे. आणि मान काय तुम्हा एकट्यालाच दिलीय? माझी मोडून येते रोज."

उमा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या एका होलसेल सिंधी शेठकडे बिलं बनवायची. तिथला कॉम्प्युटर काउंटरच्या खालच्या फळीवर, गिऱ्हाइकाला बिलाचे आकडे दिसू नयेत म्हणून. दिवसभर ती विहिरीत डोकावल्यासारखी काम करायची.

"तुझं वेगळं," चिंतामणी म्हणाले, आणि काय वेगळं ते सांगायला लागू नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं अर्गोनॉमिक्सच्या जागृतीचा कार्यक्रम ठेवला. म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण समोसे आहेत ही बातमी पक्की होती, म्हणून हजेरी पूर्ण. किर्ती नावाची फिजिओथेरपिस्ट आली होती. तिनं विचारलं, "कोणाकोणाची मान, पाठ दुखते?" पुढच्या रांगेत साहेब बसलेले, त्यामुळं सगळे ठणठणीत. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तसे सगळे हात वर. ज्याचा खांदा आखडला होता, त्यानं आपला हात शेजाऱ्याकडून वर करून घेतला.

मग ती टेबलाटेबलावर फिरली. राजरत्नला म्हणाली, "तुम्ही खुर्चीत बसत नाही, सांडता." चिंतामणींपाशी येऊन मात्र थबकली.

"सगळे इकडे या. हे बघा! स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पाठ टेकलेली, मान सरळ. काका, कोणी लावून दिलं हे?"

"देवीनं."

"कुठल्या हॉस्पिटलच्या?"

राजरत्ननं हसू दाबत सगळी हकिकत सांगितली. किर्ती म्हणाली, "काका, स्क्रीन चार बोटं वर आला. मान वाकायची थांबली, म्हणून दुखायची थांबली. एवढंच."

एवढंच! चिंतामणींचा चेहरा उतरला. एवढा मोठा चमत्कार आणि चार बोटांत आटोपला. त्यात ती काका म्हणाली. पण समोसा खाताखाता त्यांना उमगलं, की पाट ठेवला कोणी? आपणच. म्हणजे शास्त्र आपल्याला आधीच समजलं होतं, फक्त कळवायचं राहिलं होतं.

घरी येऊन त्यांनी उमाला सगळं समजावलं. डोळ्यांची रेष काय, मणके काय, मणक्यांमधली गादी किती दबते काय. उमा चकल्या तळत होती, आणि मध्ये एकदाही बोलली नाही. इथंच खरं तर त्यांनी सावध व्हायचं.

"म्हणजे देवीचं काही नाही यात?" तिनं शेवटी विचारलं.

"शास्त्र आहे, शास्त्र! चार बोटं वर, खलास."

"मग त्याला पाटच पाहिजे असं काही नाही."

चिंतामणींनी चकली तोंडात घातली, पण उत्तर टळलं नाही.

"नाही ना?"

"...नाही."

"उद्या पाट घरी."

भाऊबीज झाली. सुजित पाटावर ऐटीत बसला, नवरीनं पितळी फुलांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणींनी परत न्यायला पिशवी काढली, तर उमा पाट जुन्या टॉवेलात गुंडाळत होती.

"हा कुठं चालला?"

"कॅम्प चारला. फळीवर."

"अगं, शेठ ठेवू देईल का? वर आला तर गिऱ्हाइकाला स्क्रीन दिसेल."

"विचारलं मी. म्हटलं, साईं, पूजेतला पाट आहे, देवी लाभलीय. आता शेठ त्याला बोटसुद्धा लावायचा नाही. स्वतःच काउंटरला पडदा लावतो म्हणाला."

"आत्ता देवी! परवा तर शास्त्र कबूल केलंस."

"ते तुमच्याशी. शेठला कुठं मणके सांगत बसू?"

"आणि मी?"

"तुम्हाला शास्त्र येतं की. ऑफिसात कागदाचे गठ्ठे आहेत ना? चार बोटं मोजा आणि ठेवा."

चिंतामणी तिला चप्पल घालताना बघत राहिले. खाली वाकताना तिनं एक हात मानेवर दाबून धरला होता. हे ती रोज करत असणार.

"फार दुखते का गं?" त्यांनी विचारलं.

उमा सरळ झाली. त्यांच्याकडे जरा निरखूनच पाहिलं.

"आत्ता सांगत बसले तर उशीर होईल," ती म्हणाली. "संध्याकाळी सांगते. पहिल्यापासून, सगळं."

ती जिना उतरून गेली. 'सगळं' या शब्दावर चिंतामणी बराच वेळ दारातच उभे होते, आणि आज डिस्पॅचला ओव्हरटाइम निघू शकतो का, याचा अंदाज घेत होते.