परग्रहवासीची पत्रं

दादाला माफी मागायची होती. कोणाची, तर परग्रहवासीची. कशाबद्दल, ते मात्र तो सांगायला तयार नव्हता. "ते त्यालाच सांगेन," एवढंच म्हणायचा, आणि पुढे विचारलं की कानातलं मशीन काढून ठेवायचा.

माझी पंचाईत अशी, की परग्रहवासी मी होते. म्हणजे एकदाच होते. थांबा, नीट सांगते, कारण या प्रकरणात गेली चाळीस वर्षं माझंच डोकं ठिकाणावर नाही.

दादा शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथांचं मासिक काढायचा. दुकानात विकायचं मासिक नव्हे. विज्ञानकथांच्या वेड्यांनी वेड्यांसाठी काढलेला, सायक्लोस्टाइल केलेला, हाताने टाचलेला चोवीस पानी अंक. तेव्हा अशी हौशी मासिकं गावोगाव निघत आणि चार अंकांत गाशा गुंडाळत. आमचं अकरा वर्षं चाललं. दादा संपादक. वहिनी पाकिटांवर पत्ते लिहायची, तिकिटं चिकटवायची. मी त्यांच्याकडेच राहायचे आणि ऑफिसातून आले की स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा मेणकागद, टंकायला बसायचे. अक्षर चुकलं की त्यावर लाल औषध लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की पुन्हा टंकायचं. त्या वासाच्या आठवणीनेही मला शिंका येतात.

तिसऱ्या अंकाच्या वेळी वाचकांच्या पत्रांचं पान कोरं राहायची वेळ आली, कारण वाचकांनी पत्रंच पाठवली नव्हती. दादाचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवेना. मी ऑफिसच्या टाइपरायटरवर एक पत्र टंकलं, आधीच्या अंकातल्या कथेची यथेच्छ सालटी काढली, खाली 'परग्रहवासी' असं नाव घातलं आणि ताजा कलम जोडला : 'आमच्या ग्रहावर हस्ताक्षर नसतं.' दिलं पोस्टात टाकून. दादा इतका हरखला की त्याने दीड पानाचं उत्तर छापलं.

तिथे विषय संपायला हवा होता. पण पुढच्याच महिन्यात परग्रहवासीचं दुसरं पत्र आलं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

मी चक्रावले. आधी वाटलं, दादाने मला पकडलंय आणि आता माझी फिरकी घेतोय. मग वाटलं, वहिनीचा उद्योग असेल. मग तिसरं आलं, चौथं आलं. प्रत्येक पत्र टंकलेलं, शिक्का मात्र दर वेळी निराळ्या गावाचा. कधी भांडकुदळ, कधी हळवं, एकदा तर नुसती समीकरणं. दादा सगळ्यांना मनापासून उत्तरं द्यायचा. फिरतीची नोकरी दिसते बिचाऱ्याला, म्हणायचा. या खेपेला टाइपरायटर बरा मिळालाय, असंही म्हणायचा. मी विचारणार कशी? विचारायचं तर माझं पत्र कबूल करणं आलं, आणि खोट्या नावाच्या बाबतीत दादा म्हणजे नुसता जमदग्नी. आमच्या मामेभावाने दुसऱ्याची कथा स्वतःच्या नावावर पाठवली, तर दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. मी आपली तोंड मिटून टंकत राहिले.

यंदा विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन भरलं. पहिलं संमेलन दादाने शाळेच्या वर्गात भरवलं होतं. चौदा जण आले होते, त्यातले दोघं चुकून. आता हा भलामोठा हॉल, चंदेरी कपडे घातलेली माणसं, आणि तोंडाला हिरवा रंग फासलेल्या एका इसमाने मला अदबीने विचारलं, आजी, बाथरूम कुठे आहे. माझ्या भाचीने, म्हणजे दादाच्या मुलीने, जुन्या हौशी मासिकांच्या इतिहासाचं दालन मांडलं होतं. काचेखाली आमचे पिवळे पडलेले अंक होते, माझ्या चुकांसकट. संध्याकाळी ती दादाची जाहीर मुलाखत घेणार होती. तो आला तो एकाच अटीवर, की तिने परग्रहवासीला सगळ्यांदेखत हाक मारायची.

मी ठरवूनच गेले होते, उठायचं आणि कबूल व्हायचं. दादा एकोणऐंशीचा आहे. माफी मागायची राहून गेली तर त्याच्या जिवाला लागून राहील. माझ्याशी बोलणं टाकलंन तर टाकलंन. असं मनाशी म्हणत होते आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते.

भाचीने माइकवरून हाक मारली. मी उठले. तेवढ्यात माझ्या पुढच्या रांगेतून एक टक्कल उठलं. डावीकडून एक बाई उठल्या. दाराजवळ काठी टेकत आणखी एक गृहस्थ उभे राहिले.

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, नाटुकलं बसवलंय. आम्ही चौघं एकमेकांकडे बघतच राहिलो. टक्कलवाले निघाले दातांचे डॉक्टर, बाई ग्रंथपाल, काठीवाले घड्याळं दुरुस्त करणारे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. बाई म्हणाल्या, त्यांना ते नाव सगळ्यांसाठीच ठेवलंय असं वाटलं होतं, ज्याला तिरकं बोलायचंय त्याने घ्यावं. इतर दोघांचंही तेच. हस्ताक्षर नसतं, हा तर त्यांना मासिकाचा नियम वाटला होता, म्हणून तिघांनी मशीन शोधून पत्रं टंकली होती. पहिलं पत्र माझं, असं मी दादाकडे न बघता सांगून टाकलं.

दादा चिडला नाही. त्याने कानातलं मशीन नीट बसवलं, आम्हा चौघांकडे आळीपाळीने बघितलं आणि अगदी गोंधळून भाचीला विचारलं, "मग मी माफी कोणाची मागू?"

ती म्हणाली, "बाबा, पण कशाबद्दल?"

तेव्हा तो बोलला. वहिनी गेली त्यानंतर एक पत्र आलं होतं, हे आम्हा सगळ्यांना आठवत होतं. अंक बंद करतोय असं दादाने जाहीर केलं होतं, आणि परग्रहवासीने लिहिलं होतं : 'पाकिटावरचं ते गोल अक्षर आता दिसणार नाही. मलाही काय बोलावं ते सुचत नाही. पण अंक बंद करू नका.' त्या पत्रावर मासिक आणखी चार वर्षं चाललं. डॉक्टर म्हणाले, माझं नाही. बाईंनी मान हलवली. घड्याळवाले म्हणाले, असं लिहिता आलं असतं तर हवं होतं.

"तुमचं कोणाचंच नाही ते," दादा म्हणाला. "मी लिहिलं. शाळेच्या ऑफिसात बसून. त्याच्या नावाने खोटं लिहिलं आणि छापलं." मग भाचीकडे वळून, हळू आवाजात, "तुझी आई गेली, तू एवढीशी. बोलायला कोणी नव्हतं गं घरात."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे माफ करून टाकलं. बाईंनी डोळे पुसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी चौथी.

कोणी नव्हतं कसं? मी पलीकडच्या खोलीत होते. ते पत्र स्टेन्सिलवर मीच टंकलं, एकही अक्षर न चुकता. आणि टंकून झाल्यावर मला हायसं वाटलं होतं, की दादाशी कोणीतरी बोललं, आता मी आत जायला नको.