हिरडीच्या रंगाचा फासा

मी वीस तोंडांचा फासा. घाबरू नका, एका वेळी एकाच तोंडानं बोलतो, आणि तेही कुणी टाकल्यावर. आज मात्र कुणी टाकलेलं नसताना आपणहून बोलतोय. सांगण्यासारखं काही असलं की निर्जीवालाही राहवत नाही.

माझा जन्म कवळ्या बनवायच्या खोलीत झाला. ताई तिथे लोकांना दात करून देते. एकदा एका कवळीसाठी कालवलेला गुलाबी मसाला उरला. ताईनं मेणाचा वीस बाजूंचा गोळा कोरला, प्लास्टरमध्ये त्याचा साचा घेतला, त्यात मसाला दाबून भरला आणि उकळत्या पाण्यात शिजवला. बाहेर आलो तो हिरडीच्या रंगाचा. चाकावर घासून तिनं मला चकचकीत केलं, बाजूंवर आकडे कोरले, त्यांत काळा रंग भरला. तीनच्या आकड्याशेजारी हवेचा एक बुडबुडा अडकला होता, तो तसाच राहिला.

मग माझी परीक्षा झाली. तिनं मला मिठाच्या दाट पाण्यात सोडलं आणि बोटानं पुन्हापुन्हा फिरवलं. तरंगताना मी दरवेळी निराळी बाजू वर केली. ताई खूश झाली. "कुणाचा पक्ष घेत नाही हा," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

रविवारी दुपारी कामाचं टेबल पुसून तिथे खेळ मांडला जाई. ताई एका अद्भुत राज्याची गोष्ट सांगायची. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि आपलं माणूस काय करतं, काय बोलतं ते स्वतः ठरवायचे. जमेल की फसेल हे सांगता येत नसलं की मला टाकायचे. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर भोगा. फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे मांडलेले असत. तेच आमचे प्रेक्षक, कायम आ वासून बसलेले.

मला पहिल्यांदा पाहून ताईच्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, ओरडली होती, "ई! कुणाच्या तोंडातून पडलाय हा?" ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि खेळात अट्टल पाकीटमार व्हायची. ताईचे मामा लिफ्टदुरुस्ती करायचे. "जन्म वर-खाली करण्यात गेला, आता जरा आडवं जाऊ दे," म्हणून ते खेळात नावाडी झाले. तिसरा ताईचा धाकटा भाऊ, बारक्या. तो झाला रस्त्यावरचे दिवे लावणारा.

या टेबलाचा एक कायदा होता, दुसऱ्या कुठल्या टेबलावर तो असेल असं वाटत नाही. जिवावर बेतलं की आपला फासा आपण टाकायचा नाही. उजवीकडच्या खुर्चीतल्या माणसानं टाकायचा. बारक्याच्या उजवीकडे मामा, मामांच्या उजवीकडे वहिनी. "स्वतःसाठी माणूस फासा भिरकावतो," ताई म्हणायची, "दुसऱ्याच्या जिवासाठी जपून टाकतो." आणि खरंच, तेव्हा मला मुठीत धरणारे हात घामानं ओले असायचे.

एकदा दिवेवाला आगीत शिरला. मामांनी त्याच्यासाठी मला टाकलं. मी दोन दाखवले. दिवेवाला गेला. बारक्याचे डोळे भरून आले, मामा तर माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांच्या घरात चोरी केली होती. पण मी काय करणार? मला पक्ष घेता येत नाही.

त्याच सुमारास बारक्याचं कामावर बिनसलं. तो फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. त्याच्यामागून आलेल्यांना वरची जागा मिळाली, तो होता तिथेच राहिला. "दिवसभर मी म्हणतो, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," तो म्हणाला. "मला कोण म्हणतं? ताई, इथं तरी मला कुणीतरी मोठं होऊ दे."

बहिणीचं काळीज ते. तिनं त्याला राजपुत्र केलं, आणि वर भाकीतही दिलं: ज्याच्या तळहातावर तारा, त्याला मरण शिवणार नाही; फुटणारं काळं धरण तोच सावरेल. दर रविवारी बारक्या निळ्या पेनानं तळहातावर तारा काढून बसू लागला.

आणि माझी रया गेली. मी तीन दाखवले तरी शत्रूची तलवार वाकायची. एक दाखवला तरी दरीतून गरुड यायचा. माझ्या वीस बाजू असल्या काय आणि नसल्या काय, सारखंच. गोष्टीतले गावकरी फक्त राजपुत्राशी बोलायचे. नावाडी काठावर होडी बांधून वाट बघत बसायचा.

"मी काय भावोजींच्या घोड्याला पाणी पाजायला येते इथं?" वहिनीनं एकदा ऐकवलंच.

यावर ताईनं जो उपाय काढला, तो आगीत तेल ओतणारा होता. तिनं सगळ्यांनाच मोठं करून टाकलं. पाकीटमार निघाली वाऱ्याच्या देवीची मुलगी. नावाडी निघाला समुद्राच्या राजाचा हरवलेला पुत्र. पुढच्या रविवारी वाटेतला धनगरही कुणाचा तरी वारस निघाला, तेव्हा मामांनी चष्मा काढला.

"तू राणी, मी राणी, मग पाणी कोण आणी? मला नको बाई राजाचं रक्त. माझ्या नावाड्याचा बाप नावाडीच होता. भला माणूस होता. त्याला कशाला खोटा पाडतेस?"

"मामा, खेळच आहे हो," बारक्या म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो. सगळं आधीच लिहिलंय, तर मला बोलावता कशाला? टाळ्या वाजवायला?"

मामा येईनासे झाले. टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी राहिली, नेमकी बारक्याच्या उजवीकडची. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, पण तिच्यावर कुणी पिशवीही ठेवत नव्हतं. वहिनीही आता घड्याळाकडे बघून खेळायची. ताई मला डबीत ठेवताना पुटपुटली, "एकाला मोठं करायला गेले आणि घर मोडायला आलं." मला वाटलं, झालं, आता हे टेबल उठणार.

पण दात कुणाला चुकलेत? मामांची कवळी ताईच करत होती. मेणाची कवळी तोंडात बसवून बघायची होती, म्हणून त्यांना यावंच लागलं, आणि आले ते रविवारीच. ताईनं त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, कवळी तोंडात घातली. "चावू नका, बोलू नका, जरा बसू द्या," म्हणाली आणि टेबलाशी परतली.

गोष्टीत धरण फुटायला आलं होतं. दाराच्या साखळ्या तुटत होत्या, खाली झोपलेलं गाव होतं. ताई जीव तोडून सांगत होती. वहिनीनं जांभई दिली. राजपुत्र दाराशी उभा होता. आणि बारक्या अचानक म्हणाला, "ताई, मला भीतीच वाटत नाहीये."

"तुला काही होणारच नाहीये ना, राजा."

"तेच तर. दिवेवाला मेला तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्याचं सगळं मी केलं होतं. ह्याचं सगळं हा ताराच करतोय." त्यानं स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घेतला आणि तळहात खसाखसा पुसला. निळा डाग पसरला, मग गेला. "आता मरेन ना मी?"

"पंधराच्या खाली आला तर जाशील," ताई हळूच म्हणाली.

"मग टाका."

"टाकणार कोण, भावोजी?" वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. मामा तोंड मिटून, गाल फुगवून बसले होते. ते उठले, आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तो हात ओला होता. किती दिवसांनी!

मला हवा तो आकडा दाखवता आला असता, तर तेव्हा दाखवला असता. मी टेबलावर गडगडलो आणि नऊवर थांबलो.

बारक्याचा चेहरा पांढराफटक पडला. साखळी तुटली, राजपुत्र पाण्यात बुडून मेला, लोंढा गावाकडे निघाला. आणि मामा मेणाच्या दातांतून बोलले, "ओडी आए खाई!"

"काय?"

मामांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. "होडी आहे खाली! काठाला बांधलीय. तुम्ही पुढे गेलात, तिला हलव म्हणून मला कुणी सांगितलंच नाही!"

वहिनी ताडकन उठली. "दोर मी कापते! पाकीटमाराची सुरी आहे माझ्याकडे. देवीबिवी गेली खड्ड्यात." आता नावाड्याच्या जिवाचा प्रश्न होता. तिनं मला उचललं, छातीशी धरलं आणि टाकलं. सोळा.

गाव होडीत चढलं, खेपेवर खेप झाली. शेवटच्या खेपेला नावाड्यानं पाण्यातून एकाला कॉलर धरून वर ओढलं. तो गावातलाच कुणी साधा माणूस होता, त्याच्या हातावर तारा नव्हता.

बारक्या आता तोच माणूस झाला. "नावाडीदादा, मदतीला माणूस हवाय का?"

"वल्हं मारता येतं?"

"शिकेन."

"बस मग," मामा बोळक्या तोंडानं हसले.

त्याला आता बराच काळ लोटला. माझ्या कडा झिजल्यात, तीनजवळच्या बुडबुड्याचा खड्डा झालाय. मी जरासा एका अंगाला कलतो, अशी ताईला शंका आहे. तिनं माझा धाकटा भाऊ ओतलाय आणि त्याला मिठाच्या पाण्यात सोडलंय. मी फळीवर जबड्यांच्या रांगेत बसून बघतोय.

इतक्या हातांत राहून मला एवढंच कळलं. गोष्टीतली माणसं किती खास असावीत? कथेनं थांबून त्यांच्याकडे बघावं इतकी जरूर असावीत. मरणानं त्यांच्याकडे बघूच नये, इतकी नसावीत. आणि तुमच्यातल्या कुणाला आपण कुणीच नाही असं वाटत असेल, तर त्याच्या तळहातावर तारा काढून देऊ नका. त्याची वेळ आली की ओल्या हातानं माझ्यासारख्याला उचला. त्याच्या उजवीकडची खुर्ची तेवढी रिकामी ठेवू नका.