रविवारचा बर्फ

अकानेसीने चर्चला येताना रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई आवळून घेतली आणि हळूच वर पाहिलं. पंखा मंदावत होता. भास असेल म्हणून तिने डोळे मिटले, तेवढ्यात पाद्रीसाहेबांच्या माईकचा आवाज गेला. भर दिवसा, लख्ख उन्हात अख्ख्या बेटाची वीज गेली होती.

सलग तिसरा रविवार.

पाद्री सामिऊंनी माईक बाजूला सारला आणि दुप्पट आवाजात प्रवचन पुढे रेटलं. बायकांनी विणलेले पंखे बाहेर काढले. फडफड सुरू झाली आणि प्रत्येक पंख्याआडून एकेक डोळा अकानेसीकडे वळला. वीजघर तिच्या ताब्यात होतं ना! पण तिला जागचं हलता येत नव्हतं. रविवारी हत्याराला हात लावायचा नाही, हा टोंगा देशाचा कायदा. आणि कायद्यापेक्षा शेजारीपाजारी कडक.

बाहेर पडताच फुसीआत्याने तिला गाठलं. बापाची बहीण म्हणजे घराण्यात सगळ्यांच्या वर. तिच्यापुढे सख्खे भाऊ आवाज चढवत नाहीत, तिथे भाचीची काय कथा.

"काय गं, आता देवाचंही कनेक्शन तोडलंस?"

"आत्या, मी काही केलेलं नाही."

"तेच म्हणते मी! काहीच करत नाहीस. हे बघ, मंडळींचं ठरलंय. पुढच्या रविवारी पुन्हा पंखे थांबले तर सोमवारी सगळ्यांनी छपरावरची सोलर पॅनेलं उतरवायची. आपलं डिझेलचं इंजिन काय वाईट होतं? खोकायचं, पण चालायचं."

"आणि डिझेलची बोट आली नाही की?"

"नाही आली तर नाही आली. कंदील आहेत."

वादळात बोट अडकली होती तेव्हा दवाखान्यातल्या फ्रिजमधली औषधं नर्सने रडत रडत फेकून दिलेली अकानेसीने पाहिली होती. त्यानंतरची कित्येक वर्षं ती दारोदार फिरली. कुणाच्या लेकाने ऑकलंडहून, कुणाच्या जावयाने सिडनीहून पाठवलेली पॅनेलं तिने एकेक करून तारांना आणि बॅटरीला जोडून घेतली. आता इंजिन दिवसा क्वचितच लागायचं. हे सगळं उतरवायचं?

बरं, वीज कमी पडून गेली असती तर समजावता आलं असतं. ती जास्त होऊन जात होती. सहा दिवस बेट ती खाऊन टाकायचं: शाळा, दवाखाना, धक्क्यावरचं बर्फाचं यंत्र. रविवारी सगळ्याला कुलूप, स्वयंपाकसुद्धा जमिनीतल्या भट्टीत. बॅटरी सकाळीच काठोकाठ भरायची. अलीकडे आलेली नवी पॅनेलं बॅटरी भरल्याचा इशारा मिळाला की गप्प बसायची. लेक-जावयांची जुनी पॅनेलं मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती, ओतत राहायची. शेवटी सगळी यंत्रणा स्वतःला वाचवायला बंद पडायची.

आत्याला हे सांगून झालं होतं. आत्या म्हणाली होती, "जास्त झाली म्हणून गेली? मग माझ्याकडे पाठवायचीस!"

दुपारी रिवाजाप्रमाणे अकानेसी पाद्रीसाहेबांकडे जेवण घेऊन गेली. अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजलेलं मटण, भाजलेलं कोनफळ. पाद्रीसाहेब पान उलगडायला लागले तशी तिने तोंड उघडलं.

"एक मागू? रविवारी दोन-तीन तास बर्फाचं यंत्र चालू द्या. जास्तीची वीज ते घेईल. शनिवारीच टायमर लावू, रविवारी कुणाचा हात लागायला नको."

"रविवारी काम नाही, अकानेसी."

"काम यंत्र करणार. माणूस नाही."

"यंत्र कुणाचं? माणसाचंच ना?"

"मग हे?" तिने त्यांच्या पुढ्यातल्या पानाकडे बोट केलं. "सकाळी भट्टीत ठेवलं, वर माती ओढली आणि आलो चर्चला. आपण प्रार्थना करत होतो तेव्हा भट्टी काय झोपली होती?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पाद्रीसाहेबांनी उलगडलेलं पान तिच्याकडे सरकवलं.

"भट्टी पोटासाठी असते," ते म्हणाले. "बर्फ विकायला असतो. मी जिवंत असेपर्यंत या बेटावर रविवारी धंदा होणार नाही. जेव आता."

आठवडाभर ती पुन्हा दारोदार हिंडली. एक दिवस, फक्त रविवारी, जुनी पॅनेलं बंद ठेवा. निम्म्यांनी मान डोलावली, ती कशी डोलावतात ते तिला ठाऊक होतं. उरलेले दुखावले. पोराने घाम गाळून पाठवलेली वस्तू बंद करायची? शनिवारी संध्याकाळी ती धक्क्यावर गेली. बर्फाचं यंत्र सांभाळणारा कितिओने तिचा चुलतभाऊ.

"हळूच लावून टाकू का टायमर?" तो म्हणाला. "कुणाला कळतंय!"

"सगळ्यांना कळेल. मग पॅनेलांबरोबर मलाही उतरवतील. नको."

ती घरी गेली आणि न जेवता झोपली.

रविवारी तिने मुद्दाम भिंतीकडची जागा धरली. स्तोत्रं झाली, प्रवचन सुरू झालं. एक शब्द तिच्या कानात शिरत नव्हता. आत्ता बॅटरी भरली असेल. आत्ता जुनी पॅनेलं ओतत असतील. आता जाणार. तिने मुठी आवळल्या.

पंखा फिरत होता.

पाद्रीसाहेबांचं प्रवचन संपलं तरी फिरत होता. समोर बसलेल्या आत्याने दोनदा वर बघितलं आणि एकदा मागे. मग पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि माईक जवळ ओढला.

"धक्क्यावर बर्फ आहे," ते म्हणाले. "तो विकायचा नाही. आधी दवाखान्याला, मग म्हाताऱ्यांना, मग घरटी एक बादली. भांडायचं नाही."

अकानेसीने गर्रकन वळून कितिओनेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो कुजबुजला. "काल तू गेल्यावर स्वतः आले. टायमरचं बटण कुठलं ते विचारलं. आणि मला म्हणाले, तू तिकडे तोंड कर."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. चटईच्या टोकाने तिने ते पुसून टाकले.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा बादल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. सगळ्यांत पुढे फुसीआत्या, आणि तिच्याजवळ सगळ्यांत मोठं घमेलं.

"वरपर्यंत भरा, पाद्रीसाहेब. लाजू नका."

पाद्री सामिऊंनी काळा कोट काढून कठड्यावर टाकला होता. बाह्या कोपरापर्यंत वर, हातात फावडं, कपाळावरून घाम निथळतोय. मागे यंत्र घरघरत होतं. घमेलं भरून त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि अकानेसीला पाहून फावडं तिच्यापुढे धरलं.

"पाठ धरली माझी. घे जरा."

तिने हात पुढे केला आणि थबकली. अख्खी रांग बघत होती. रविवार होता.

घमेलं कमरेवर घेऊन निघालेली आत्या मागे वळली.

"उभी काय राहिलीस? लोक खोळंबलेत."

अकानेसीने फावडं घेतलं.