मोजणीची घोडी

खर्रर्र.

दुपारच्या सामसूम घरात फरशीवर लोखंड घसरलं आणि सूनबाईने झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. चार वर्षांची चिमणी नुसती कुशीवर वळली. उठले ते सासरे. कुकरच्या शिट्टीने न हलणारा हा माणूस, पण जन्म जमिनीच्या मोजणीत गेलेला. हा आवाज ते झोपेतही ओळखायचे.

"माझी घोडी कुणी काढली?"

खोलीच्या मधोमध त्यांची लाकडी तिपाई तीन टोकदार पाय फाकवून उभी होती. तिच्यावर मोजणीच्या दुर्बिणीचं यंत्र चढवून त्यांनी माळ मोजले, रस्ते आखले. निवृत्त झाल्यापासून ती कपाटामागे जुन्या चादरीत होती. आज चोरी मुद्देमालासकट सापडली.

"बाबा, विचारणारच होते."

"कधी? भोक पाडून झाल्यावर?"

"भोक नाही पाडायचं." तिने मुठीतला पितळी तुकडा पुढे केला. "लेथवाल्याकडून करून आणलाय. खालून घोडीचा जाड स्क्रू बसतो, वर कॅमेऱ्याचा बारीक. लाकडाला ओरखडासुद्धा नाही."

कॅमेरा म्हणजे तिच्या गुरूंनी दिलेली जुन्या काळची भात्याची लाकडी पेटी, पुढे हातभर लांब लेन्स. उचलताना वाटावं, झोपलेली चिमणीच कडेवर घेतलीय. चिमणी झाल्यापासून तिचं फोटोंचं काम सुटलं होतं ते सुटलंच. मग एका कॅलेंडरवाल्याने पाण्याच्या टाकीमागून उगवणाऱ्या पूर्ण चंद्राचा फोटो मागितला. मागच्या पौर्णिमेला तिच्या काडीपैलवान तिपाईने त्या वजनाखाली मान टाकली आणि चंद्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा आला. "या पौर्णिमेला जमलं तर ठीक," कॅलेंडरवाला म्हणाला होता, "नाहीतर दुसरं कुणी बघतो." आज ती पौर्णिमा होती आणि फिल्म एकच उरली होती.

सासऱ्यांनी पितळ उलटसुलट करून पाहिलं. "आटे बरे पाडलेत," ते पुटपुटले. मग एकदम, "पण ही फरशीवर उभी राहायची नाही. हिचे पाय मातीत रुतायला केलेत. गुळगुळीत जागी ही घोडी नाही, तेलावरची म्हैस! दोरी आण."

संध्याकाळी गच्चीवर त्यांनीच तिन्ही पाय दोरीने एकमेकांना जखडले. मधल्या आकड्याला तिने वाळूची पिशवी अडकवली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"ओळंब्याच्या जागी पिशवी! काय दिवस आलेत घोडीला."

"पेन्शनीत थोडं ओझं वाहिलं तर काय बिघडलं?"

"सासऱ्याला बोलतेयस का घोडीला?"

कॅमेरा चढला. सासऱ्यांनी वर तळहात ठेवून जोर दिला. हूं की चूं नाही. मग त्यांनी फर्मान काढलं, "आता कुणी पाय हलवायचा नाही. यंत्राशेजारी आम्ही शिंकसुद्धा गिळायचो." चिमणीने गाल फुगवून श्वासच धरला.

सूनबाई कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरली. मागच्या दुधी काचेवर टाकी उलटी लटकत होती आणि टाकीचा पाइप तिने काचेवर पेन्सिलीने मारलेल्या रेघेवर अचूक बसला होता. भिंगातून पाहिलं तरी तसूभर थरथर नाही. मग टाकीच्या कडेला उजेडाची एक फाक फुटली. कापडाबाहेर येऊन तिने काचेच्या जागी फिल्मची चौकट सरकवली. तिने वाट पाहिली, आणखी थोडी, पूर्ण चंद्र कडेवर टेकेपर्यंत. मग शटरची तार दाबली.

खटक.

तिने फिल्मची चौकट झाकून काढली, छातीशी धरली. "बाबा, तुम्ही बघा ना. आत सगळं उलटं दिसेल हं."

"आमच्या जुन्या दुर्बिणीत माणसं डोक्यावरच चालायची," म्हणत ते कापडात गेले. मग आतून घाबरा आवाज आला, "अगं, घसरली! घोडी घसरली! चंद्र सरकतोय!"

तिने कॅमेऱ्यावरच्या लेव्हलकडे पाहिलं. बुडबुडा बरोबर मधोमध होता.

"पाइप बघा बाबा. रेघेवर आहे?"

"आहे. केसभरही हलला नाही."

म्हणजे घोडी हलली नव्हती, फोटो शाबूत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सासरे बाहेर येईनात. बऱ्याच वेळाने आले ते घोडीचा पाय धरूनच, हळूच खाली बसत.

"टाकी जागेवर. घोडी जागेवर," ते म्हणाले. "चंद्र मात्र डोळ्यांदेखत चाललाय. म्हणजे ही गच्ची, टाकी, आपण सगळे मिळून फिरतोय, सूनबाई. शाळेत शिकलो होतो गं. पण जन्मभर जमीन मोजली ती एका जागी बसलीय असं धरून. आज ती चालताना पाहिली."

तीही आत गेली. काचेवरच्या उलट्या चित्रात मोठा पिवळा चंद्र, कुठेही न अडखळता, खाली उतरत होता. तिने गच्चीवर पाय घट्ट रोवले आणि तिला पहिल्यांदाच कळेना, रोवायचे ते कशात. ती बाहेर आली तेव्हा अंगावर काटा होता.

चिमणीने आता कुठे फुगवलेले गाल सोडले. "मी नाही हं हलले!" मग तिने वाकून तीन टोकदार पाय, दोरी, वाळूची पिशवी नीट बघितली, आणि आईचा पदर ओढला.

"आई, कॅमेरा घोडीवर. घोडी जमिनीवर. मग जमीन कुठल्या घोडीवर ठेवलीय?"