थरथर कुठे लागते

गाडी तिसऱ्यांदा भावजींच्या गॅरेजात आली होती आणि त्यांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला.

"दादा, थरथर नेमकी लागते कुठे? हातात, की..." माझ्याकडे बघून त्यांनी शब्द गिळला. "की सीटला?"

"हातात. किती वेळा सांगू?" हे म्हणाले.

त्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. स्टिअरिंग हातात थरथरलं तर दोष पुढच्या चाकात, बसल्या जागी थरथरलं तर मागच्या. दुसऱ्या कुणी 'हातात' म्हटलं असतं, तर भावजींनी स्वतः एक चक्कर मारून खात्री केली असती. पण ह्यांनी सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेली. सगळे ह्यांना मास्तर म्हणतात, आणि भावजींना पहिला गिअर टाकायला ह्यांनीच शिकवलेलं. दादाच्या शब्दावर चक्कर मारायची म्हणजे दादाला खोटं पाडायचं. म्हणून पंधरा दिवसांत पुढची दोन्ही चाकं दोनदा बॅलन्स झाली, एक टायर बदलला, स्टिअरिंगचे सांधे नवे बसले. थरथर होती तिथेच.

झालं होतं एवढंच, की शिकायला येणाऱ्या एका बाईंनी वळण लवकर कापलं आणि चाक फुटपाथच्या कडेवर धाडकन आपटलं. शेजारी बसलेल्या मास्तरांचा हात स्टिअरिंगवर वेळेत पोचला नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून क्लास बंद. म्हणे, थरथरत्या गाडीवर शिकवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ.

घरात हा माणूस एका जागी ठरेना. खिडकीत, मग दारात, मग परत खिडकीत. टीव्ही लावायचा, बंद करायचा, रिमोट कुठे ठेवला म्हणून मला विचारायचं. शिकणाऱ्यांचे फोन यायचे, त्यांना "गाडी झाली की कळवतो." आणि मला मेलीला नको ते दिसायला लागलं. चहा कपबशीऐवजी पेल्यात हवा, तोही अर्धाच. शर्टाची बटणं न काढताच शर्ट डोक्यातून घालायचा. पेपर हातात न धरता टेबलावर पसरून वाचायचा. एकदा विचारलं, तर म्हणाले, "इतके दिवस ते स्टिअरिंग धरतोय, हाताला सवय लागली असेल."

मला हे पटवून घ्यायचं होतं. अगदी मनापासून. दोष गाडीत सापडावा, आणि सापडायचा तर पुढच्या चाकातच सापडावा, एवढंच माझं मागणं होतं. तसं झालं तर ह्यांच्या हातांना काही झालेलं नाही.

तरीही त्या दिवशी मीच म्हणाले, "मी चालवून बघते."

दोघे भाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"तू?" हे म्हणाले.

"मी. लायसन आहे माझ्याकडे, फोटोसकट."

"फोटो बघून घाबरून दिलं असेल."

अर्ध्या गावाला शिकवणाऱ्या ह्या माणसाकडून मी गाडी शिकलेली नाही. दोन दिवस मी बसले ह्यांच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी माझ्या माहेरचा उद्धार सुरू झाला, तशी उतरले आणि शेजारणीच्या गाडीवर मैदानात आपली आपण शिकले.

भावजी मागे बसले, हे शेजारी. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागलो. साठला काही नाही. सत्तरला काही नाही. पंच्याहत्तरला आलं. मांडीखाली कुणी मधमाश्यांचं पोळं ठेवावं तसं. स्टिअरिंग मात्र गप्प. पकड सैल केली, नुसती बोटं टेकवली, तरी गप्प. वेग उतरवला, पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. पोळं जायचं आणि यायचं. हातात काही यायला तयार नाही.

"लागतेय ना?" ह्यांनी विचारलं.

"लागतेय."

"हातात ना?"

ह्यांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या हातांकडे बघत होते. फक्त 'हो' म्हणायचं होतं मला. बोलले असते, तर भावजींनी पुढची चाकं पुन्हा उतरवली असती आणि आम्हाला आणखी पंधरा दिवस मिळाले असते.

"नाही," मी म्हणाले. "बुडाखाली."

भावजींना मागे ठसका लागला. हे हसले नाहीत.

"नीट बघ."

"तीनदा बघितलं."

"मग माझ्या हातात येते ती काय आहे?"

मी वेग उतरवला आणि गाडी परत फिरवली. भावजी मागून पुटपुटले, "दादा, त्या बाईंनी वळण लवकर कापलं होतं ना? मग पुढचं चाक वाचलं असेल. फुटपाथवर चढलं ते मागचं. तूच सांगायचास, नवीन माणूस पुढचं चाक वाचवतो आणि मागचं विसरतो."

गॅरेजात मागचं चाक जॅकवर उचललं. बाहेरून रिम कशी स्वच्छ, एक ओरखडा नाही. भावजी जमिनीवर आडवे झाले, स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या कडेशी स्थिर धरलं आणि चाक फिरवलं. टिक. पुन्हा फेरा, पुन्हा टिक. कड आतून दबली होती.

"सापडलं!" ते ओरडले. मग दादाकडे नजर गेली आणि आवाज एकदम उतरला. "वाकलीय जराशी."

त्यांनी मुकाट्याने स्टेपनी चढवली. नट आवळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. चालवून बघ, असं दादाला ते म्हणाले नाहीत, मीही म्हणाले नाही. हे स्वतःच जाऊन स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी.

तोच रस्ता. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. गाडी पाण्यावरून जावी तशी चाललेली.

"गेली ना रे दादा?" भावजींनी मागून विचारलं.

ह्यांनी गाडी आणखी थोडी पुढे नेली.

"गाडीची गेली," म्हणाले.

मग आरसा बघितला, इंडिकेटर दिला, वेग उतरवत गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सगळं शिकवतात तसं, एकही पायरी न गाळता. स्टिअरिंगवरचा हात उचलून त्यांनी माझ्यासमोर उघडा धरला. अंगठा हलत होता, त्याच्यामागून पहिलं बोट. मी तो दोन्ही हातांत घेतला. घट्ट धरला, तरी आत हलतच राहिला.

"कधीपासून?"

"फुटपाथच्या आधीपासून."

भावजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर नुसता माळ होता.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले.

"उद्यापर्यंत मी घरात फेऱ्या मारू? आत्ता उघडा असेल दवाखाना. उतर, तू चालव."

मी उतरले. हे पलीकडून उतरले. बॉनेटपुढून जाताना समोरासमोर आलो आणि मला पुढे पाऊल टाकवेना. काहीतरी बोलायला हवं होतं.

"चल चल," हे म्हणाले. "मागून ट्रक येतोय. भर रस्त्यात उभं राहायला कुणी शिकवलं तुला?"